जामाच्या झाडावरचं गाणं

गाणं पैसे देऊन डाउनलोड करावं की आपल्याकडच्या सीडीतून काढावं, या प्रश्नावरून जगात फार घरं फुटली नसतील. आमचंही फुटलं नाही. पण एकदा चांगलं हललं, आणि त्या हलण्यात माझी थोरली बहीण, तिचा नवरा, त्यांची नवी सून आणि जामाच्या झाडावर येणारे पोपट, अशा सगळ्यांना भूमिका मिळाल्या. मुख्य भूमिका माझी आहे असं मला बराच वेळ वाटत होतं. रंगभूमीवर असे गैरसमज होतात.

मी चंद्रपूरला राहतो, हौसेनं नाटकात कामं करतो. मला गाणी साठवायचं व्यसन आहे, आणि तेही सोवळ्यातलं. मोबाइलवर फुकट वाजणारं गाणं मला चालत नाही. का, ते मी पाहुण्यांना तांदळाच्या भाषेत सांगतो; आमच्याकडे कुठलीही गोष्ट तांदळाच्या भाषेत सांगितली की लवकर पटते. एमपीथ्री म्हणजे मिलमधून पॉलिश होऊन आलेला तांदूळ. दिसायला पांढराशुभ्र, जागाही कमी खातो, पण कोंडा गेला तो गेलाच. लॉसलेस म्हणजे हातसडी. मूळ ध्वनिमुद्रणातला एक कण गळत नाही. हा हातसडीचा माल मिळवायचे रस्ते दोन. एखाद्या वेबसाइटवर पैसे भरून फाइल डाउनलोड करायची, नाहीतर कपाटातली सीडी कॉम्प्युटरात घालून तिच्यातून गाणं आपण स्वतः काढायचं. पहिल्यात सोय आहे. दुसऱ्यात मजा आहे, असं मी म्हणतो.

"दुसऱ्यात रविवार जाते," असं माझी बायको म्हणते. "एक गाणं विकत घेता, एक गाणं खोदून काढता, अन् आयकता कोणतंच नाई. नुसते डबे भरून ठेवता."

अशा माणसाला त्या दिवशी बाईचा फोन आला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ही बाई चामोर्शीजवळच्या एका गावात दिलेली, आणि भाऊजींची तिथे धानाची मिल आहे.

"तुह्याजोळ ते गाणं आहे का रे?" बाईनं विचारलं. "मांडवातलं?"

"कोणतं मांडवातलं?"

"मावालं!"

मग मला कळलं. मावालं म्हणजे माझं, आणि बाईचं गाणं एकच.

झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धान कापून झालं, दिवाळी उलटली की आमच्याकडे गावोगावी मांडव पडतात आणि नाटकं होतात. त्यात एक रीत आहे. एखादं गाणं ऐकून प्रेक्षकाचा जीव खूश झाला की तो चिठ्ठीत नोट गुंडाळून रंगमंचाकडे पाठवतो. मग निवेदक लगेच माइकपाशी येतो आणि गाणं जिथे असेल तिथे थांबतं. हार्मोनियमवाला एक सूर धरून बसतो. नायिका नुकतीच बाप मेला म्हणून रडत असते, ती डोळ्यांवरचा पदर तसाच धरून उभी राहते. निवेदक सांगतो, अमुक गावच्या अमुक यांच्याकडून अमुक कारणासाठी बक्षीस. टाळ्या पडतात. मग नायिका ज्या हुंदक्यावर थांबली होती त्याच हुंदक्यापासून पुढे रडू लागते. परक्या माणसाला हे विचित्र वाटतं. आम्हाला बक्षीस न आलेलं गाणंच जरा आजारी वाटतं.

तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बाई गावच्या मांडवात बायकांच्या बाजूला बसली होती, भाऊजी पुरुषांच्या बाजूला. तिच्या आवडीचं गाणं सुरू झालं, थांबलं, आणि निवेदकानं भाऊजींचं नाव घेऊन जाहीर केलं की हे बक्षीस त्यांच्या बायकोच्या आवडीखातर आहे. साऱ्या बायका वळून बाईकडे पाहू लागल्या. बाईनं मान खाली घातली, ती गाणं संपेपर्यंत वर केली नाही. ही हकीगत तिनं पुढे जावांना सांगितली, नणंदांना सांगितली, पाहुण्यांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी भाऊजींनी एकच उत्तर दिलं.

"मी? मांडवात? बायकोच्या नावानं? काऊन, मले कुत्रं चावलं होतं काय?"

भाऊजी म्हणजे मोजून बोलणारा माणूस. लग्न झाल्यापासून बाईला त्यांनी प्रेमानं काही म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तरी सगळे हसून सोडून देत, कारण बाईपाशी पुरावा होता. त्याच मांडवातल्या त्याच नाटकाची गाणी एका कंपनीनं ध्वनिमुद्रित करून त्यांची सीडी काढली होती, आणि बाईनं ती मार्कंड्याच्या जत्रेत विकत घेतली होती. बाई ती लावायची. ती लागली की भाऊजींना मिलमध्ये हमखास काम निघायचं. पुढे सीडी वाजवायचं यंत्र बिघडलं, आणि पुरावा खोक्यात जाऊन पडला.

आता या वर्षी घरात सून आली. बाईनं तिलाही ती गोष्ट सांगितली. जेवताना सुनेनं कौतुकानं सासऱ्यांना विचारलं, आणि भाऊजी भातावर वरण घेत म्हणाले, "सपनात आलं असन तिच्या. तू मनावर नोको घेऊ पोरी, तुही सासू असं बरंच सांगते."

झालं. त्या दिवसापासून बाईनं काहीही सांगितलं की सून गोड हसायची. वांग्याच्या भाजीत झिंगे कधी टाकायचे ते सांगितलं तरी हसायची. मुलगी वाईट नाही. पण तिनं एकदा ठरवून टाकलं होतं की सासूबाई बिचाऱ्या थोडं वाढवून सांगतात.

"माह्याच घरात मी खोटी पडली रे," बाई फोनवर म्हणाली. "सीडी पाहून राह्यली, तं ते खोक्यात दिसून नाई राह्यली. तू आन ते गाणं कुठूनबी."

मोकळं रान देणारा शब्द होता तो माझ्यासाठी, कुठूनबी! मी त्याच दिवशी शोधलं, आणि गाणं मिळालं. कंपनीनं जुनी गाणी एका वेबसाइटवर लॉसलेसमध्ये विकायला ठेवली होती. खाली लिहिलं होतं की जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्या तंत्रानं साफसफाई केली आहे. मी ते वाचून आनंदलो. माझ्यासारखा मूर्ख आनंद फक्त जाणकार माणसालाच होऊ शकतो. पैसे भरले, फाइल आली, सुरुवातीचे सूर ऐकले आणि बंद केली. पडदा सगळ्यांसमोरच उघडायला हवा, असं माझ्यातल्या नटाचं म्हणणं पडलं.

रविवारी सकाळी मूल गावावरून, वैनगंगेचा पूल ओलांडून मी बाईच्या दारात हजर. पिशवीत लॅपटॉप, छोटा स्पीकर, सीडी वाचायचं यंत्र. हे यंत्र कशाला नेता, असं बायकोनं विचारलं होतं. डॉक्टर कुठेही गेला तरी नळी गळ्यात असते, असं मी उत्तर दिलं होतं.

ओसरीवर सगळ्यांना बसवलं. भाऊजी अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी उभा राहून छोटंसं भाषण केलं. तांदूळ, कोंडा, हातसडी, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "आता इतक्या वर्षांचा न्याय होईल," आणि बटण दाबलं.

काय तो आवाज! तबल्यावरची बोटं वेगवेगळी ऐकू येत होती. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता. गाणं त्या जागेपाशी आलं. बाई सरसावून बसली, सुनेकडे पाहू लागली. आणि गाणं त्या जागेवरून सरळ पुढे निघून गेलं. थांबलं नाही, अडखळलं नाही. निवेदक नाही, बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. मांडवच नाही. संपलं.

साफसफाई म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"वा मेहुणेसाहेब, एक नंबर," भाऊजी म्हणाले. "हातसडी म्हणे ना तुम्ही? मंग माणूस कुठी गळला?"

"भाऊजी, त्यांनी मधलं काढून टाकलं आहे. मुळात होतं."

"हे पाहा, मिलमंधी जे टाकलं तेच बाहेर येते. इतकी वर्षं मिल चालवून राह्यलो मी. टाकलंच नसन तं येईन कुठून?"

 त्यांचं बरोबर होतं. लॉसलेस फाइल तिच्यात घातलेलं काही गमावत नाही. आधीच गमावलेलं परत आणायचा वायदा तिनं कधी केलेला नसतो. सून गोड हसली. बाई उठली, "आवाज चांगला आहे," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. नाटकात मी एकदा पडलो आहे, एकदा माझी मिशी पडली आहे. पण त्या तीन शब्दांइतकं अंगाला काही लागलं नाही.

तोंड लपवायला मी घरामागच्या वाडीत गेलो. तिथे जामाचं मोठं झाड आहे. बाहेरगावच्यांनी त्याला पेरू म्हणावं. फांद्यांवर पोपटांची पंगत बसली होती. आणि त्यांच्या मधोमध, दोऱ्याला बांधलेलं काहीतरी गिरक्या घेत लखलखत होतं. आमच्याकडे पाखरं हाकलायला लोक जुन्या सीड्या टांगतात, वावरातही आणि वाडीतही. त्यात नवल नाही. मी सहज ती वळवून पाहिली. वरचं चित्र उन्हानं पार उडालं होतं, पण कडेला नाटक मंडळाच्या नावाची दोन अक्षरं शिल्लक होती.

मी ती उतरवून, तळहातावर नैवेद्यासारखी धरून ओसरीवर नेली.

"भाऊजी, हे काय?"

भाऊजींनी पाहिलं. अडकित्ता थांबला आणि पुन्हा चालू झाला. "पोपटांसाठी."

"पोपट तं तिलाच टेकून जाम खात होते."

"मंग गाणं चांगलंच असन."

"खोक्यात एवढ्या सीड्या पडल्या आहेत. नेमकी हीच बरी झाडावर गेली?"

"जास्त चमकत होती."

आतून बाई बाहेर आली होती. तिनं सीडीकडे पाहिलं, मग भाऊजींकडे.  हातातला झारा तिनं खाली ठेवला नव्हता.

आता माझी पाळी होती. सीडी साबणानं धुतली. खालच्या बाजूला ओरखडेच ओरखडे होते, पण त्यांची मला धास्ती नव्हती. ते दात घासायच्या पेस्टनं, मधून बाहेर असं बोट फिरवत, बरेचसे मिटवता येतात. भीती वरच्या बाजूची. लोकांना वाटतं वर नुसतं चित्र असतं, म्हणून ती बाजू कशीही वापरतात. गाणं खरं त्या चित्राच्या लगेच खाली, पातळ चंदेरी पत्र्यावर असतं. तो निघाला की गाणं निघालं. मी सीडी उन्हात धरली, आणि कडेजवळ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ऊन माझ्या डोळ्यात आलं. चोच म्हणा, फांदी म्हणा. तेवढं गेलं होतं. बाकी शाबूत, कारण सीडी कारखान्यात छापलेली होती. घरी भरलेली असती तर एका उन्हाळ्यात कोरी झाली असती.

यंत्रात घातली. प्रोग्रामनं आधी इंटरनेटवर विचारपूस केली की ही सीडी कोणाची, आणि ऐटीत सांगितलं की युरोपातल्या एका चर्चमधलं समूहगायन आहे. गाण्यांच्या लांबीवरून तो अंदाज बांधतो, त्यामुळे कधी कधी अशी गंमत होते.

"आई, तुमच्या मांडवात गोरे आले होते?" सुनेनं विचारलं.

"येतीन नाई तं काय! तुहे मामाजीच नव्हते म्हणते, तं कोणीतरी असनच ना," बाई म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते.

मी सगळी नावं हातानं टाकली आणि वाचन सुरू झालं. यंत्र घरघरू लागलं. पहिली गाणी भराभर निघाली. बाईच्या गाण्यापाशी येऊन ते अडलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन वाचू लागलं, बैल एकाच बांधावर चढायला पाहतो तसं. आम्ही जेवलो, तरी ते घरघरतच होतं.

आणि भाऊजी! रविवार, मिल बंद, त्यामुळे पळायला जागा नाही. ते आधी चष्मा शोधायला आले. मग चुना शोधायला आले. मग नुसतेच आले.

"निघून राह्यलं का?"

"निघून राह्यलं."

"नाई निघत असन तं जबरदस्ती नोको करू बा. जुनी चीज आहे."

कुठल्याही जुन्या चिजेबद्दल त्यांनी इतकी माया दाखवलेली मी कधी पाहिली नव्हती.

शेवटी प्रोग्राम म्हणाला, झालं. फक्त एक जागा वाचता आली नाही. ती जागा अंदाजानं बुजवू की कोरी ठेवू, असं त्यानं विचारलं. मी कोरी ठेवली. दुसऱ्याच्या नाटकात आपल्या पदरची वाक्यं घालू नयेत.

ऊन कलल्यावर पुन्हा सगळे ओसरीवर बसले. या खेपेला मी भाषण केलं नाही. नुसतं बटण दाबलं.

आधी मांडव आला. खोकणारी माणसं, कुठेतरी रडणारं लेकरू, "खाली बसा बे" म्हणून ओरडणारा कोणी. त्यातून गाणं वर आलं. सकाळच्या फाइलपुढे ते धुरकट होतं, पण सून पुढे सरकून ऐकू लागली. गाणं त्या जागेपाशी आलं आणि थांबलं. हार्मोनियमनं सूर धरला. माइकवर दोनदा टकटक झालं.

"थांबा, थांबा, एक बक्षीस आलेलं आहे," निवेदक म्हणाला. मग गावाचं नाव, मग 'तरुण शेतकरी', आणि भाऊजींचं नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत. "यांच्याकडून, त्यांच्या..."

आणि आवाज गेला. निवेदक गेला, हार्मोनियमचा सूरही गेला. पोपटानं चोच मारावी तर अशी! नेमका तोच शब्द. आता भाऊजी म्हणू शकत होते की त्यांच्या आईच्या, त्यांच्या बैलाच्या, कोणाच्याही आवडीखातर. बाईनं डोळे मिटून घेतले. ओसरीवर फक्त अडकित्त्याचा आवाज उरला.

"सौभाग्यवतींना हे पद मनापासून प्रिय आहे," भाऊजी म्हणाले.

खाली मान घालून, सुपारीला सांगावं तसे, हळूच म्हणाले. आणि त्यांचा शब्द संपतो तोच स्पीकरमधून निवेदक परत आला, "म्हणून! मंडळ त्यांचं आभारी आहे," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

अडकित्ता थांबला.

मी भाऊजींना इतकी वर्षं ओळखतो. 'सौभाग्यवती' आणि 'पद' हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नाहीत, त्यानंतरही नाहीत. ही चिठ्ठीची भाषा होती. ज्यानं ती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, त्यालाच ती इतक्या वर्षांनी घोकल्यासारखी येऊ शकते.

"वन्स मोर!" सून ओरडली, आणि मग जीभ चावून पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

बाई हसली नाही. तिनं फक्त सुनेला विचारलं, "आयकलं ना?"

"आयकलं, आई."

"झालं मंग."

भाऊजींनी सुपारीचे तुकडे तळहातावर सारखे केले. मग म्हणाले, "बाबा बसून होते ना मांडवात. दुसऱ्या दिवशी मिलवर हमालांपुढे मले म्हणाले, बायकोचं नाव मांडवात झालं, आता मिलच्या पाटीवर बी लिव. मी म्हटलं, मी नाई दिलं, त्या माइकवाल्यानं चुकवलं. एकदा बाबांजोळ नाई म्हटलं, तं मंग नाईच म्हणा लागलं."

"बाबाले जाऊन किती साल झाले?" बाई म्हणाली.

"सवय पडली."

 बाईनं सीडी माझ्याकडून घेतली, आपल्या पदरानं पुसली आणि आत नेऊन लुगड्यांच्या घड्यांत ठेवली.

"मंग आता झाडाले काय टांगू?" भाऊजींनी मला विचारलं. "ते तुही विकतची?"

विकतच्या फाइलमध्ये बाकी काहीही असो, ती झाडाला टांगता येत नाही. हे मी कबूल केलं. पण तिचा एक उपयोग मला सुचला होता. "बाई," मी म्हणालो, "मधे ती जागा कोरी राहिली आहे ना, तिथे त्या विकतच्या गाण्यातला हार्मोनियमचा सूर आणून बसवतो. निदान एकदम शांत होणार नाही."

"कायले?" बाई म्हणाली. "तितलं राहू दे तसंच. तितलं हे म्हणतीन."

भाऊजी उठले. "मिलकडं जाऊन येतो जरा."

"आज बंद आहे मामाजी," सून म्हणाली.

भाऊजी उभे राहिले, वाडीकडे पाहिलं, जामाच्या झाडाकडे पाहिलं आणि परत खाली बसले. बाईनं माझ्या हाताला बाजूला सारून स्वतःच बटण दाबलं, आणि मांडवातली माणसं पुन्हा खोकू लागली.